चिमण्यांनी टाकलेला दाणा

पन्नास पिल्लं पोटभर खात होती आणि वाढत नव्हती.

खात नसती तर येसूला समजलं असतं. आजारी असती तरी समजलं असतं. पण पिल्लं चांगली टुणटुणीत! सकाळी भांडं भरलं की टकाटक चोची मारत तुटून पडायची आणि संध्याकाळी भांडं लख्ख. मग ते खाल्लेलं जात होतं कुठे?

"दीडशे ग्रॅम," तोलाजीनं शेवटचं पिल्लू अलगद खाली ठेवलं. "नववा दिवस. सरासरी वजन दीडशे ग्रॅम."

"आणि पलीकडची?"

"येसूताई, हा प्रश्न तू आज तिसऱ्यांदा विचारते आहेस. उत्तर बदललेलं नाही. दोनशे तीस."

जाळीच्या पलीकडे दुसरी पन्नास पिल्लं होती. त्याच दिवशी, त्याच गाडीतून आलेली. शेड एक, पाणी एक, खाली पसरलेलं भाताचं तूस एक. फरक एवढाच, की पलीकडची मका खात होती आणि येसूची ज्वारी.

येसूनं रिकाम्या बादलीला लाथ मारली. बादली गडगडत गेली, शंभर पिल्लं एकदम चिवचिवली.

"बादलीचं वजनही करू का?" तोलाजीनं विचारलं.

"तू गप रे, डबड्या!"

तोलाजी म्हणजे बोरनळी गावच्या कोंबडीशेडमधला यंत्रमानव. चार चाकं, दोन लांब हात आणि पोटाच्या जागी तराजू. कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून बायकांनी तो उचलून आणला होता. वजन करायचा, दाण्यात काय काय आहे ते सांगायचा आणि पुस्तकासारखं शुद्ध बोलायचा. राग त्याला येत नसे. त्यामुळे येसूला दुप्पट यायचा.

हे सगळं मुळात झालंच होतं येसूच्या रागामुळे.

गोष्ट आहे दोन हजार अठ्ठेचाळीस सालची. तेव्हा गाड्या मका प्यायला लागल्या होत्या. खोटं नाही! मक्यापासून इंधन काढायचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, आणि शेतातला मका थेट तिकडे जाऊ लागला. कोंबड्यांना उरेना. मका तर ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त असतो. बोरनळीच्या तेरा बायकांनी मिळून चालवलेल्या शेडमध्ये आता जेमतेम चार पोती शिल्लक होती.

बायकांची बैठक बसली. गटाच्या अध्यक्षा भागाक्का. अंगानं काडी, पण आवाज असा की माईक लाजावा. त्या म्हणाल्या, "मका संपला की शेड बंद. दुसरा इलाज न्हाई."

शेड बंद म्हणजे काय, हे येसूला घरी दिसत होतं. खाटेखाली एक निळी बॅग भरून ठेवलेली. आई त्या तेरा जणींतलीच; शेड बंद पडली तर समुद्राकाठच्या इंधन कारखान्यात तिला काम मिळत होतं. राहायचं तिकडेच, घरी यायचं दिवाळीला. आई त्याबद्दल काही बोलत नव्हती. रोज एखादा कपडा घडी करून त्या बॅगेत टाकत होती, बस.

भागाक्कांचं हे बोलणं ऐकून दाराशी उभी असलेली बारा वर्षांची येसू एकदम ओरडली, "मक्यावाचून काय अडलंय! माणसं मका खातात का रोज? आपण ज्वारीची भाकरी खाऊन वाढतो, कोंबडी का नाही वाढणार?"

दोघीतिघी हसल्या. कुणीतरी म्हणालं, "बघा, आल्या मोठ्या डॉक्टरीणबाई."

"मी वाढवून दाखवते!"

बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. पण भागाक्का हसल्या नव्हत्या. त्यांनी येसूकडे नीट पाहिलं.

"बरं. पन्नास पिल्लं तुझी, ज्वारीवर. पन्नास उरलेल्या मक्यावर. पस्तीस दिवस. तुझी मक्याच्या बरोबरीनं वाढली आणि उस्मानभाईनं पसंत केली, तर शेड चालू. न्हाईतर कुलूप."

उस्मानभाई म्हणजे सोलापूरचे व्यापारी. गेली वीस वर्षं शेडमधली प्रत्येक कोंबडी तेच नेत.

येसूनं पहिल्याच दिवशी तोलाजीला कामाला लावलं. "मका काय देतो ते सांग. सोप्या भाषेत."

"तुझ्या ताटात काय असतं?"

"भाकरी आणि डाळ."

"कोंबडीचंही तेच. मका ही तिची भाकरी. त्यात असतं पिष्ट (दाण्यातला पिठूळ पांढरा भाग, ज्याची पोटात साखर होते). त्यातून मिळते ताकद. सोयाबीनची पेंड ही तिची डाळ. त्यात प्रथिनं (अंग घडवणारी द्रव्यं, मांस, पिसं, रक्त सगळं त्यातूनच). मका काढला तर भाकरी बदलायची, डाळ तशीच ठेवायची."

"मग ज्वारीत पिष्ट आहे ना?"

तोलाजीनं मूठभर ज्वारी पोटातल्या खणात घेतली, गुरगुरला, आणि म्हणाला, "सत्तर टक्के. जवळपास मक्याइतकंच. फक्त तेल मक्यात थोडं जास्त असतं, म्हणून चमचाभर करडईचं तेल घाल. मंजूर."

इतकं सोपं! गावात ज्वारीचा तोटा नव्हता. जिकडे बघावं तिकडे लाल दाण्यांच्या ज्वारीची पोती. चार वर्षांपूर्वी हे नवं वाण आलं. या ज्वारीला पाखरं शिवतच नाहीत, म्हणून लोकांनी त्याचं नाव पाडलं 'राखणनको'. पूर्वी कणसात दूध भरलं की महिनाभर मचाणावर उभं राहून पाखरं हाकलावी लागत. आता तेवढा वेळ कुणाला होता? पेरलं की झालं, थेट कापायलाच जायचं. सगळं गाव खूश होतं.

येसूनं तीच ज्वारी भरडली, पेंड मिसळली, तेल घातलं. आणि आज नवव्या दिवशी तिची पिल्लं ऐंशी ग्रॅमनी मागे होती.

"तूच म्हणालास मंजूर!" ती तोलाजीवर खेकसली.

"पिष्ट आहे का असं विचारलंस, पिष्ट आहे असं मी मोजून सांगितलं. त्यात चूक नाही."

"मग वाढत का नाहीत?"

"हे कुणी विचारलंच नव्हतं," तोलाजी म्हणाला. मग तो जरा हळू आवाजात पुढे म्हणाला, "आणि मलाही सुचलं नाही."

येसू ताडकन उठली आणि शेडबाहेर पडली. राग आला की ती चालायची. रान ओलांडून, बांधावरून, पाय नेतील तिकडे. वाटेत दोन्ही बाजूंना राखणनको उभी होती. भरगच्च लाल कणसं, एकाही कणसाला ओरखडा नाही. चिडीचूप रान.

मग एकदम गलका ऐकू आला. चिव चिव चिव चिव! पुढच्या रानावर चिमण्यांचा ढगच उतरत होता. आणि सूंऽऽ करत एक दगड येसूच्या डोक्यावरून गेला.

"ओ तात्या! मी माणूस हाय!"

"मग माणसावानी वाटेनं ये की! पाखरागत पिकातनं काय येतीस?"

मचाणावर बिरूतात्या उभे होते. हातात गोफण, डोक्याला पटका, सत्तरी ओलांडलेली. अख्ख्या गावात जुनी पांढरी ज्वारी लावणारे आणि पाखरं राखणारे तेवढेच एक उरले होते. लोक त्यांना हसायचे. त्यांनी पुन्हा गोफण फिरवायला हात उचलला आणि तोंड वाकडं करून खांदा धरला.

"आणा इकडे," म्हणत येसू वर चढली. गोफणीत दगड घातला, गरगर फिरवला, सोडला. चिमण्यांच्या थव्याशेजारी जाऊन बरोबर पडला. थवा भुर्रकन उडाला.

"नेम चांगलाय," तात्या म्हणाले. "रागात हाईस वाटतं."

उडालेला थवा शेजारच्या राखणनकोवरून गेला. येसू बघत होती. थवा तिथे टेकला नाही. एक चिमणी चुकून बसली, एक दाणा टोचला, चोच धांड्याला घासली आणि उडाली. सगळा थवा एक फेरी मारून परत आला तो तात्यांच्याच ज्वारीवर.

येसूचा गोफण धरलेला हात तसाच राहिला.

"तात्या, त्या तिकडे का बसत नाहीत? तिथे तर हाकलायला कुणीच नाही."

"तुरट लागती ती. चिमणी शाणी हाय. जिला राखण लागत न्हाई, त्या दाण्यात कायतरी खोट असणारच की."

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं?"

आज हे दुसऱ्यांदा! येसूनं मचाणावरून उडीच टाकली. राखणनकोचं एक कणीस ओरबाडलं, मूठभर दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिली. पहिल्यांदा काही नाही. मग जीभ खडबडीत झाली. मग तोंड असं आवळलं, जणू कुणी आतून दोरी ओढली. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. भाकरी केल्यावर ही चव थोडी दबते, आणि गावाला चार वर्षांत तिची सवयही झाली होती.

ती थुंकत थुंकत शेडमध्ये धावली.

"तोलाजी! तुला जीभ आहे का?"

"नाही."

"तरीच! तुरट म्हणजे काय, सांग. तुरट लागतं तेव्हा तोंडात काय होतं?"

तोलाजीचे दिवे दोनदा लुकलुकले. त्याला एखादी गोष्ट नव्यानं सापडली की असं व्हायचं.

"टॅनिन," तो म्हणाला. "टॅनिन (झाडाच्या सालीत, कच्च्या फळांत, काही दाण्यांत असणारं तुरट द्रव्य). झाड ते स्वतःच्या बचावासाठी तयार करतं, कुणी खाऊ नये म्हणून. येसूताई, बाभळीची साल आणि एक अंडं आण. दाखवतो."

येसूनं साल आणून उकळली. पाणी लालसर तपकिरी झालं. ते गार होईपर्यंत तिनं अंड्याचा पांढरा भाग थोड्या पाण्यात ढवळला. तोलाजीनं दोन ग्लास घेतले. दोन्हींत ते अंड्याचं पाणी. एकात नुसतं साधं पाणी मिसळलं, ते तसंच राहिलं. दुसऱ्यात सालीचं पाणी ओतलं मात्र, आणि ग्लासात ढग उठले! बघता बघता गुठळ्या होऊन तळाशी बसल्या.

"अंड्याचा पांढरा भाग म्हणजे प्रथिनं," तोलाजी म्हणाला. "टॅनिन प्रथिनांना मिठी मारतं. इतकी घट्ट की सुटत नाही. पूर्वी लोक याच बाभळीच्या सालीनं कातडं कमवायचे. कच्च्या कातड्यातली प्रथिनं टॅनिननं अशी जखडली जायची, की ते पुढे कुजायचं नाही."

"म्हणजे माझ्या पिल्लांच्या पोटात..."

"तूच सांग."

येसूनं डोळे बारीक केले. "पेंडीतली प्रथिनं. त्यांना टॅनिननं धरून ठेवलं. म्हणून ती अंगी लागली नाहीत. खाल्लं आणि तसंच बाहेर गेलं!"

"निम्मं बरोबर. उरलेलं निम्मं याहून वाईट आहे. अन्न तोडायला पोटात विकरं असतात (पाचकरसातल्या कात्र्या, पिष्टाची कात्री वेगळी, प्रथिनांची वेगळी). त्या कात्र्या स्वतःही प्रथिनांच्याच बनलेल्या. टॅनिन त्यांनाही धरतं. म्हणजे डाळ बांधली गेली आणि भाकरी तोडायची कात्रीही."

येसूनं मग राखणनकोचे भरडलेले दाणे उकळून ते पाणी अंड्याच्या पाण्याच्या तिसऱ्या ग्लासात घातलं. ढग सालीइतका दाट नव्हता. पण उठला. तात्यांच्या रानातून आणलेल्या मूठभर पांढऱ्या ज्वारीचं पाणी चौथ्या ग्लासात घातलं. काहीच नाही. ग्लास होता तसाच.

"म्हणजे लाल ज्वारी वाईट, पांढरी चांगली," येसूनं टाळी वाजवली.

"घाई नको. दाणा लाल दिसतो म्हणून त्यात टॅनिन असतंच असं नाही. काही लाल ज्वाऱ्यांत नसतं. रंगावर जाऊ नये, तपासून बघावं."

"किंवा चिमणीला विचारावं."

तोलाजीचे दिवे पुन्हा लुकलुकले.

आता पांढरी ज्वारी हवी होती, आणि ती फक्त बिरूतात्यांकडे. गेल्या वर्षीची, जमिनीखालच्या पेवात साठवलेली. तात्या म्हणाले, "ज्वारी देतो. पर माझा खांदा गेलाय. सकाळ-संध्याकाळ मचाणावर तू उभं ऱ्हायचं. राखणीची ज्वारी पाहिजे तर राख."

येसू उभी राहिली. सकाळी सूर्य उगवायच्या आत मचाणावर, मग शेडमध्ये, संध्याकाळी पुन्हा मचाणावर. राग आला की गोफण फिरवायची. त्यामुळे तात्यांचं रान त्या वर्षी फारच चांगलं राखलं गेलं.

आणि पिल्लं? दहाव्या दिवसापासून पांढरी ज्वारी सुरू झाली, तीन-चार दिवस काही कळेना, आणि मग वजनं चढू लागली. तोलाजी आकडे सांगायचा तेव्हा येसू आता बादलीला लाथ मारत नव्हती. बादलीवर तबला वाजवत होती.

एकविसाव्या दिवशी तिची सातशे साठवर होती, मक्यावरची आठशे ऐंशीवर. मागेच होती, पण पळत होती.

बाविसाव्या दिवशी उस्मानभाई आले. सहज, चक्कर टाकायला. त्यांनी येसूचा एक पक्षी उचलला, उलटा धरला, पाय बघितले. मग पलीकडचा उचलला. मग येसूचा पुन्हा.

"बेटा, हे आजारी आहेत काय?"

"आजारी? धडधाकट आहेत की!"

"मग पाय असे पांढरेफटक का? हे बघ मक्यावाले. पिवळे पाय. गिऱ्हाईक पहिल्यांदा पाय बघतं. पांढरा पाय दिसला की म्हणणार, कोंबडी बिमार आहे. मी नेऊन करू काय?"

"पाय खाता का तुम्ही?" येसू भडकलीच.

"खाणारे पण आहेत," उस्मानभाई शांतपणे म्हणाले. "तू चिडू नको. मी पस्तिसाव्या दिवशी येतो."

ते गेले आणि शेडमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. भागाक्का पाय निरखत म्हणाल्या, "त्यात काय एवढं? बिरोबाचा भंडारा घाला खाद्यात. हळदीनं सगळंच पिवळं हुतंय."

येसूला एकदम पटलं. तिनं चार दिवस हळद घातली. खाद्य पिवळं झालं, चोची पिवळ्या झाल्या, पाण्याचं भांडं पिवळं झालं, तोलाजीचा उजवा हात पिवळा झाला. पाय होते तसेच!

"तूच का नाही सांगितलंस आधी?" ती तोलाजीला म्हणाली. आणि लगेच तिच्याच लक्षात आलं. "थांब. मी विचारलंच नव्हतं. आता विचारते. मका आणखी काय काय देतो? सगळं सांग. एकही काम वगळू नको."

"हा खरा प्रश्न," तोलाजी म्हणाला. "मक्याची कामं तीन. पहिलं, ताकद. दुसरं, थोडं तेल. तिसरं, रंग. पिवळ्या मक्यात झँथोफिल असतं (पानाफुलांतलं पिवळं रंगद्रव्य). ते चरबीत विरघळतं, कोंबडीच्या कातडीत आणि पायात जाऊन बसतं. हळदीचा पिवळा रंग वेगळा. तो पोटातून पुढे फारसा जात नाही, आणि गेलेला टिकत नाही. पांढऱ्या ज्वारीत झँथोफिल जवळजवळ नसतंच. तुझे पक्षी निरोगी आहेत. फक्त रंगवलेले नाहीत."

"म्हणजे एकाच दाण्यानं तिन्ही कामं करायला पाहिजेत असं नाही. ताकद ज्वारीची, तेल करडईचं, आणि रंग..." येसू शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "झँथोफिल सगळ्यात जास्त कशात असतं?"

"झेंडूच्या फुलांत."

येसूनं रस्त्यापलीकडे पाहिलं. शाळा. फाटकावर सव्वीस जानेवारीची कमान, वरपासून खालपर्यंत झेंडू. चार दिवसांत वाळून गेलेल्या केशरी-पिवळ्या माळा. शिपाईकाका शिडी लावून त्या खाली ओढतच होते.

"काका, टाकू नका! सगळ्या मला द्या!"

ती घरी पळाली. पोतं शोधलं, सापडेना. टोपली शोधली, ती गळकी. "आई, काहीतरी दे ना मोठं, फुलं आणायचीत, काका पेटवून देतील!"

आई चुलीपुढून उठली. खाटेखाली वाकली आणि निळी बॅग ओढली. सगळे कपडे खाटेवर ओतले. एकही घडी सरळ राहिली नाही. रिकामी बॅग येसूच्या हातात दिली.

"ही घे. हिच्यात लई मावतंय."

येसूनं बॅगेकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे.

"आता काय तोंड बघतीस माझं? पळ की!"

दोघींनी मिळून पाकळ्या सुट्या केल्या, देठं टाकली, सावलीत खडखडीत वाळवल्या आणि कुटल्या. तोलाजीनं तपासून सांगितलं, त्यावर फवारणीचं विष नाही. दहा किलो खाद्याला ओंजळभर पूड. पाच दिवसांत काही दिसलं नाही. येसूनं तीनदा आदळआपट केली. सातव्या दिवशी आई म्हणाली, "उजेडात धर बरं." उजेडात धरलं, तर पायावर पिवळसर झाक होती. अगदी सायीवर असते तेवढी.

पस्तिसाव्या दिवशी तेराही बायका जमल्या. बिरूतात्या खांद्यावर गोफण टाकून आले. उस्मानभाई आले.

तोलाजीनं वजनं केली.

"मक्याची बाजू, सरासरी दोन किलो साठ ग्रॅम. ज्वारीची बाजू, एक किलो नऊशे तीस."

कुणीतरी "च्..." केलं. एकशे तीस ग्रॅम कमी. येसूचे कान तापले. बादली तिच्या पायाशीच होती. सगळ्यांना वाटलं, आता उडणार बादली.

पण येसूनं बादली उचलली, पालथी घातली आणि तिच्यावर चढून उभी राहिली.

"भागाक्का, एक विचारू? तोलाजी, एकविसाव्या दिवसापासून आजपर्यंत मक्याची किती वाढली?"

"अकराशे ऐंशी ग्रॅम."

"आणि माझी?"

"अकराशे सत्तर."

"बघा!" येसू म्हणाली. "पहिले नऊ दिवस मी चुकीची ज्वारी घातली. ती चूक माझी. तिथे मागे पडली ती पडली. पण पुढे पाय टाकतायत बरोबरीनं. एष्टी उशिरा सुटली म्हणून तिचा वेग कमी होतो का?"

भागाक्कांनी बोटं मोजली. "आता रोज किती वाढत्यात?"

"ऐंशी ते नव्वद ग्रॅम," तोलाजी म्हणाला.

"मजी दोन दिवसांत भरून निघतंय." भागाक्कांनी बायकांकडे पाहिलं. "उशिरा पेरलेलं रान दोन दिवस उशिरा कापतो आपण, पेटवून देत न्हाई. काय गं?" आणि मग वळून म्हणाल्या, "पर पायाचं काय, उस्मानभाई?"

उस्मानभाईंनी डोळ्यांवर रुमाल बांधावा तसे डोळे मिटले. "दोन पक्षी मिसळून द्या. मी बघत नाही."

येसूनं एक इकडचा, एक तिकडचा आणला. उस्मानभाईंनी डोळे उघडले. उलटे धरले, पाय बघितले, छाती चाचपली, पुन्हा पाय. बराच वेळ लागला.

"मक्यावाला हा," ते म्हणाले आणि उजवा हात वर केला.

तो झेंडूवाला होता.

शेडमध्ये जो काही दंगा झाला, त्यात कोंबड्यांनीही भाग घेतला. आई हसता हसता डोळे पुसत होती. भागाक्का माईकशिवाय ओरडल्या, "कुलूप नाल्यात टाका!"

दोन दिवसांनी पक्षी गेले आणि नवीन पिल्लांची तयारी सुरू झाली. पण गावभर राखणनकोची पोती पडली होती, त्यांचं काय? तोलाजीनं सांगितलं, चुलीच्या राखेच्या पाण्यात भिजवली तर टॅनिन बरंच कमी होतं. शोधून बघायला हवं, किती राख, किती तास. येसूनं लगेच सात बादल्या मांडल्या. शिवाय गिरणीतली तांदळाची कणी होती, माळरानावरची बाजरी होती. प्रत्येकाला विचारायचं, बाबा रे, तू काय काय काम करतोस? आणि काय अडवतोस?

पुढच्या हंगामात गावातल्या नऊ जणांनी पांढरी ज्वारी लावायचं ठरवलं. म्हणजे नऊ मचाणं. नऊ गोफणी. बिरूतात्या रोज संध्याकाळी पारावर पोरांना नेम शिकवू लागले, आणि त्यांना कुणी हसेना.

एका संध्याकाळी येसू मचाणावर होती. तात्यांनी बांधालगतची एक ओळ पाखरांना सोडली होती. तिच्यावर दगड टाकायचा नाही असा त्यांचा नियम. चिमण्या तिथे मजेत टिपत होत्या. खाली तोलाजी चाकं अडखळवत बांधापर्यंत आला.

"इकडे कुठे रे?"

"माझ्या तपासणीच्या यादीत एक भर घातली आहे," तो म्हणाला. "नवा दाणा आला की पिष्ट, प्रथिनं, तेल, रंग हे सगळं मोजायचं. पण त्याच्या आधी, क्रमांक एकवर..."

त्यानं पोटातला खण उघडला. आत आज आलेल्या कणीची मूठ होती. त्यानं ती बांधावर पसरली आणि चार पावलं मागे सरकून थांबला.

पहिली चिमणी खाली उतरली. येसूनं गोफण बाजूला ठेवली, आणि दोघं बघत राहिले, ती काय म्हणते ते.